भागिले सहा

कॉर्विन ओमाहाहून आला, बूट न काढताच
लॅपटॉप उघडून बसला माझ्या ओट्याशी.
"मावशी, तुझी बँक सातला मिळतेय.
सात! मोठ्या बँका बारा-तेराला जातात."
मी म्हटलं, आधी कॉफी घे. सात काय?

शेअरचा भाव बेचाळीस डॉलर.
शेअरमागे वर्षाची कमाई सहा.
सहा सत्ते बेचाळीस.
म्हणजे कमाई अशीच राहिली तर
सात वर्षांत पैसे वसूल,
असं म्हणून त्यानं स्क्रीनवरच्या सातला
टिचकी मारली,
बाजारात कलिंगडाला मारतात तशी.

अशीच राहिली तर.
या तीन शब्दांसमोर मी एकतीस वर्षं
खिडकी क्रमांक दोनला बसले आहे.

वरचा आकडा कुणीही वाचतो.
तो उजेडात उभा असतो, दाढी केलेला.
खालच्याला विचारावं लागतं:
बाबा रे, तू आलास कुठून?

गेल्या वर्षी बँकेनं नदीकाठची जुनी इमारत विकली,
पितळी गजांची, माझी,
जिच्या तिजोरीचं दार ओढायला दोघं लागायची.
बिअर गाळणाऱ्या एका पोरानं घेतली.
त्यातले दोन डॉलर आहेत तुझ्या सहात.
पलंग विकून आलेला पैसा
कुणी पगारात धरतं का?
उरले चार. बेचाळीस भागिले चार,
साडेदहा.
कॉर्विननं कप खाली ठेवला.

थांब अजून.
बुडीत कर्जांसाठी बँक दरवर्षी काही बाजूला काढते.
किती काढायचं ते बँकच ठरवते,
आणि हात आखडला की कमाई गुबगुबीत.
व्हर्ब्कांच्या गोठ्याचं कर्ज
कागदोपत्री अजून धडधाकट आहे.
पण नव्वद गाईंच्या साठ झाल्या,
आणि दर शुक्रवारी भरणा करायला आत येणारी इलाडा
आता बँकेबाहेर गाडीतच बसून राहते,
इंजिन चालू.
झाकली मूठ सव्वा लाखाची.
उघडावी लागली, तर शेअरमागे
अर्धा डॉलर तरी जाईल.
अंदाज हं, शपथ नव्हे.
राहिले साडेतीन. औटकी म्हणून बघ:
बारा औटं बेचाळीस.
बारा.
मोठ्यांच्या रांगेत येऊन उभी राहिली
आपली स्वस्त बँक.

"म्हणजे विकून टाकायचे?"
असं मी कुठं म्हटलं?
आणि विकायचे तर कुणाला?
आमचा शेअर घ्यायला महिन्याला
चार माणसं फिरकली तर डोक्यावरून पाणी,
त्यांतलाही एक अध्यक्षांचा मेहुणा.

त्या रात्री डोळा लागला नाही.
चारला उठले, पिकअप काढला,
व्हर्ब्कांच्या रस्त्यानं गेले.
गोठ्यात दिवा होता.
दूध काढायच्या यंत्राचा तो ठोका,
ओढ, सोड, ओढ, सोड.
साठच असतील, पण उभ्या होत्या.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं
ते खिडकी क्रमांक दोनला कधी शिकवलं नाही.
अर्धा डॉलर परत मिळवावा का?
नाही मिळवला. खोडलाही नाही.

वार्षिक सभा चर्चच्या तळघरात.
हॅम सँडविच, लिंबाचं सरबत.
डेल्बर्ट रुझिच्का "विक्रमी वर्ष" असं दोनदा म्हणाला.
माझ्या दोनशे बारा शेअरांसकट मी हात वर केला:
डेल्बर्ट, इमारत वगळून?

कुणीतरी खुर्ची सरकवली.
तो स्वतःच्या बुटांकडे बघू लागला,
मग एक आकडा पुटपुटला. चारच्या आसपासचा.

मागच्या रांगेत इलाडा, अंगातला कोट तसाच,
माझ्याकडे बघत होती,
दुसरा प्रश्न मी विचारते का ते.

मी खाली बसले.
सँडविचमध्ये मोहरी जरा जास्तच होती.